बेकारी भत्ता : एक मध्यमवर्गीय अनुष्ठान

कॅलिफोर्नियात नोकरी गेल्यावर मराठी माणसाने पहिली गोष्ट करावी ती म्हणजे कुणालाही न सांगणे. ती तो आपसूक करतोच, त्यामुळे मार्गदर्शनाची गरज दुसऱ्या गोष्टीपासून सुरू होते.

दुसरी गोष्ट अर्ज. तो त्याच आठवड्यात करावा. इथे दाव्याचा आठवडा रविवारी सुरू होतो आणि दावा ज्या आठवड्यात अर्ज केला त्याच्या रविवारपासून धरतात. मागची तारीख हवी असेल तर तसं सबळ कारण द्यावं लागतं. ‘हात पसरायची लाज वाटली’ हे कारण सबळ धरतील याची खात्री मी देणार नाही. आपल्याकडचा बेकार साधारण तीन आठवडे लाजतो. शिवाय पात्र ठरल्यावरचा पहिला आठवडा प्रतीक्षेचा म्हणून बिनपैशाचा जातो. म्हणजे लाज परवडण्यासाठी आधी पैसे असावे लागतात.

वास्तविक लाजण्यासारखं यात काही नाही. हा विमा आहे, आणि कॅलिफोर्नियात त्याचा हप्ता मालक भरतो. अमेरिकेत असा कायदा पहिल्यांदा विस्कॉन्सिनने १९३२ साली केला, १९३५च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने तो देशभर पोचवला. मोटारीला धडक बसली की आपण विमा कंपनीशी तासभर हुज्जत घालतो; तेव्हा कुणी ‘धर्मादाय नको’ म्हणून फोन ठेवत नाही.

एच-वन-बीवाल्यांनी हा लेख इथेच खाली ठेवावा. भत्त्यासाठी काम करायला कायद्याने मोकळं असावं लागतं आणि त्यांचं घोडं बहुधा तिथेच अडतं. त्यांच्या हाती जास्तीत जास्त साठ दिवस असतात, ते वाचनात घालवू नयेत. ग्रीन कार्डवाल्यांनी खुर्ची पुढे ओढावी.

अर्जातला नाजूक रकाना ‘नोकरी का गेली’ हा. महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकमध्ये आपण ‘जरा ब्रेक घेतलाय, स्वतःचं काहीतरी करायचं मनात आहे’ असं सांगितलेलं असतं. हे वाक्य श्रीखंडाच्या वाटीबरोबरच ठेवावं. अर्जात ‘काम नसल्याने कमी केले’ हेच लिहावं, कारण ‘मीच सोडली’ म्हटलं की सबळ कारण सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर येते. आणि मालकालाही नोटीस जाते, तो त्याची बाजू कळवतो. दोन आवृत्त्या दोन वेगळ्या डब्यांत ठेवाव्या. झाकणं अदलाबदल झाली की घोटाळा.

रकमेबद्दल. आठवड्याला किमान ४० आणि कमाल ४५० डॉलर. ही कमाल मर्यादा २००५ पासून तसूभर हललेली नाही. घरभाड्यांना हे कुणी कळवलेलं दिसत नाही. वर्षाला दोन लाख मिळवणारा आर्किटेक्ट आणि पन्नास हजार मिळवणारा गोदामातला माणूस, दोघांनाही तेच ४५०. महिन्याच्या चार आठवड्यांचे १८०० झाले. फ्रीमॉन्टमध्ये त्यात एका बेडरूमचं भाडंही निघत नाही, पण पतपेढीच्या पासबुकासारखं रोज उघडून पाहायला बरं वाटतं. एरवी हे जास्तीत जास्त सव्वीस आठवडे चालतं. त्यावर राज्याचा आयकर नाही, केंद्राचा आहे.

आता मुख्य विधी. दर दोन आठवड्यांनी सरकार काही प्रश्न विचारतं. आजारी होतात का? अन्य कारणाने कामाला जाता आलं नसतं, असं काही होतं का? काम शोधलंत? मिळालेलं नाकारलंत? शाळा-प्रशिक्षण सुरू केलंत? काही काम केलंत वा कमावलंत?

दुसऱ्या प्रश्नात चुलतभावाचं लग्न दडलेलं आहे. ‘आता मोकळाच आहेस तर ये की पंधरा दिवस’ असा कोल्हापूरहून फोन येतो. जावं जरूर, पण परदेशात असताना आपण कामाला ‘उपलब्ध’ नसतो, तेव्हा त्या आठवड्यांच्या पैशांवर अक्षता टाकूनच विमानात बसावं. खोटं लिहून बसू नये. ते पैसे पुढे दंडासकट परत मागतात, आणि लग्नाचे फोटो तुमच्या आत्याने जगाला दाखवलेले असतात.

शेवटचा प्रश्न पैसे मिळाले नसले तरी केलेल्या कामाबद्दलही आहे. गणेशोत्सवात मंडळाचा खजिनदार म्हणून राबणं यात बसतं का, असा शास्त्रार्थ एका गृहस्थांनी माझ्याशी रात्री अकरापर्यंत केला. बिनपगारी स्वयंसेवा वेगळी, असं माझं मत. मात्र तिच्यापायी मुलाखत चुकवली तर दुसरा प्रश्न पुन्हा दारात उभा.

दावा नाकारला गेला तर नोटीस धाडल्यापासून तीस दिवसांत अपील करता येतं. अपील करावं. आपल्या माणसाला हा भाग शिकवावा लागत नाही. सोसायटीच्या वार्षिक सभांत त्याची तयारी झालेली असते.

हे सगळं बसलं की घरी सांगावं. रविवारी रात्री इथे प्रश्नोत्तरं आटोपली की तिकडे सोमवारची सकाळ झालेली असते. बाबा फोनवर तेच प्रश्न जवळपास त्याच क्रमाने विचारतील. मग ४५०चा आकडा ऐकून गप्प होतील. ते मनात रुपयांचा गुणाकार करत असतात, मध्ये बोलू नये. गुणाकार संपला की म्हणतील, “नुसतं बसायचे? आठवड्याला?” आणि थोडं थांबून, आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, “मग तू उगाच घाई करू नकोस हं.”

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना हा सल्ला नमूद करू नये.