सूर्यास्ताच्या पार्श्वभूमीवर

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ती बातमी पाहून मी चॅनेल बदललं होतं. भावाभावांच्या वाटणीत थोरल्यानं वाडा घ्यावा आणि धाकट्यानं गुपचूप विहीर पदरात पाडून घ्यावी, तसा हा प्रकार होता, हे कॅमेरा घेतल्यावर ध्यानात आलं. वसई, अर्नाळा, केळवे, डहाणू, सगळा किनारा तिकडे गेला. आमच्या ठाणे जिल्ह्याला समुद्र म्हणून उरला तो उत्तन-भाईंदरचा तुकडा. डोंबिवलीहून तिथं पोचेपर्यंत सूर्य उगवून कामाला लागलेला असतो.

तसा तो तिथं समुद्रातून उगवतही नाही. आपला किनारा पश्चिमेचा. सूर्य बुडवायची सोय आहे, उगवायची नाही. म्हणजे पूर्वेला पाणी असलेली जागा शोधायची, आणि तशी जागा म्हणजे खाडी. ठाणे खाडीचं बरं आहे. ठाण्या-भांडुपच्या काठावर उभं राहिलं की सूर्य पाण्यापलीकडून वर येतो आणि संध्याकाळी ऐरोलीच्या काठावर गेलं की पाण्यापलीकडे बुडतो. या खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला तो रोहित पक्ष्यांसह तिथल्या जैवविविधतेमुळे. सूर्याची ही दुहेरी सोय कोणी विचारात घेतल्याचं दिसत नाही.

मी हे सगळं घरात समजावून सांगितलं.

"सूर्य गच्चीवरून दिसत नाही का?" हिनं विचारलं.

"गच्चीवरून पाण्याच्या टाक्या दिसतात."

"मग पाणी आहेच की पूर्वेला."

वाद वाढवण्यात अर्थ नव्हता. ठाणे खाडीही तशी लांबच. आधी घराजवळ हात बसवावा म्हणून मी पहाटे डोंबिवली पश्चिमेला, मोठागावच्या रेतीबंदरावर जाऊन उभा राहिलो. समोर उल्हास नदीची खाडी, पलीकडे भिवंडीची बाजू, अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, ट्रायपॉडचे पाय शास्त्रोक्त पसरलेले. उजाडायला लागलं. पाणी करड्याचं पांढरं झालं, पलीकडची झाडं दिसू लागली, सूर्य काही येईना. फिरायला आलेले एक आजोबा बराच वेळ माझ्याकडे पाहत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "मावळायला अजून अकरा तास आहेत. चहा घेणार?"

मागं वळून पाहिलं तर सूर्य डोंबिवलीच्या इमारतींवर केव्हाच येऊन बसला होता.

मग पूर्व-पश्चिम नीट तपासून माणकोली पुलाच्या पलीकडचा काठ धरला. इथं खगोलशास्त्रानं दगा दिला. बावीस डिसेंबरनंतर दिवस मोठा होतो, एवढं शाळेतलं ज्ञान शाबूत असल्यामुळे मी गजर रोज थोडा अलीकडे आणत गेलो. प्रत्यक्षात आपल्याकडे दिवस मोठा होऊ लागतो तो संध्याकाळच्या बाजूनं. सकाळी सूर्य मध्य जानेवारीपर्यंत उशीरच करत जातो, पार सव्वासातपर्यंत. मी लवकर, तो उशिरा, आणि मध्ये डास. त्यात हिवाळ्यात जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते, वर उबदार हवेचं झाकण पडतं आणि गाड्यांचा, शेकोट्यांचा, कारखान्यांचा धूर खालीच कोंडतो. सूर्य मलंगगडाच्या बाजूला सरकून अखेर दिसला, तेव्हा सोनेरीपणा संपवून पांढराफटक होऊन आला होता. लग्नाच्या अल्बममधले वडीलधारे असतात तसा कंटाळलेला.

मधल्या काळात कल्याणलाही जाऊन आलो. महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठी आरमाराचा श्रीगणेशा या खाडीवर झाला, त्यामुळे दुर्गाडी किल्ल्याखाली काहीतरी भव्य हातून घडेल असं वाटलं. हिवाळ्यात तिथं कुरव येतात, लडाख-तिबेटकडून वगैरे. एवढ्या लांबून आलेल्या मासेखाऊ पाहुण्यांना लोक शेव-गाठ्या उधळतात, हे त्यांच्या पोटाला चांगलं नाही. पक्षी झेपावला, मी बटण दाबलं. फोटोत शेव अत्यंत स्पष्ट आली आहे.

लोकलचाही विचार केला होता. कळव्याहून ठाण्याकडे येताना स्लो गाडी खाडी ओलांडते, त्या पुलावरून पहाटेचं पाणी फार सुंदर दिसतं. १ मे १८५४ ला रेल्वे खाडी ओलांडून कल्याणला आली तेव्हापासून लाखो लोकांनी ते पाहिलं असेल, आणि एकाचाही हात खिशातून मोबाइल काढण्याइतका मोकळा नसेल. माझ्या ट्रायपॉडचा एक पाय गर्दीत आपोआप उघडला आणि कुणाच्या तरी डब्याच्या पिशवीत अडकला. पिशवी ठाण्याला उतरली. तिच्याबरोबर मीही उतरलो, मला जायचं होतं भांडुपला.

राहता राहिला सूर्यास्त, आणि त्यासाठी पुन्हा रेतीबंदर. दिशा तर आता पाठ होती. मला हवं होतं काठोकाठ पाणी. आमच्या सोसायटीत अलिबागचे एक काका आहेत. त्यांनी भरतीची वेळ काढायची कोळ्यांची रीत शिकवली: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहा वाजता पूर्ण भरती, आणि सूर्यास्तही सहाच्या आसपास. पंचांग, कालनिर्णय, सगळं जुळलं. पाणी सहाला जिथं असेल त्याच्या पुढं येणार नाही, या हिशेबानं मी काठाखाली उतरून, पाण्यापासून दोन हातांवर एक बरी दिसणारी जागा धरली आणि ट्रायपॉड रोवला. तो इतका छान रुतला की मला धन्य वाटलं.

काकांची रीत खरी होती, पण अलिबागची. समुद्रातलं पाणी वसईच्या नाहीतर ठाण्याच्या खाडीतून वळणं घेत घेत मोठागावला येतं, त्याला वेळ लागतो. अलिबागला भरती संपली तरी आमच्याकडे ती यायचीच असते. शिवाय पंचांगातला सूर्यास्त सपाट क्षितिजाचा. इथं पारसिकचा डोंगर मध्ये येतो, त्यामुळे सूर्य घाईत निघाला होता. मी व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बसलो. बुटात गार लागलं तेव्हा खाली पाहिलं. पाणी घोट्यावर, आणि घोटे गाळात.

एक पाय ओढला की दुसरा आणखी आत जात होता. अष्टमीची भरती भांगाची, म्हणजे महिन्यातली सगळ्यात मवाळ. बुडून नाव व्हावं एवढंही पाणी येणार नव्हतं. काठावरच्या होडीवाल्यानं जाळं आवरता आवरता ओरडून सांगितलं, "उभ्यानं पाय नका ओढू! गुडघे टेका, अंग पसरा, रांगत या!"

मी गुडघे टेकले. एका हातात कॅमेरा वर धरून तीन पायांवर रांगू लागलो. ट्रायपॉड मात्र मागंच ताठ उभा होता. नेमकं त्याच वेळी काठावर एका जोडप्याचं प्री-वेडिंग शूटिंग चाललं होतं. जमिनीवर लोळणारा गुलाबी गाउन, वर ड्रोन. त्यांच्या छायाचित्रकारानं दोन्ही हात तोंडाशी नेऊन हाक दिली, "काका, प्लीज जरा फ्रेमच्या बाहेर व्हाल का?"

"तेच करतोय!" मी म्हणालो.

घरी स्वेटर बादलीत भिजत घातला तेव्हा हिनं काही विचारलं नाही. त्या शांततेचा अर्थ मी चुकीचा लावला.

मे महिन्यात ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं, डोंबिवलीतच. जेवणाच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावला होता आणि त्यावर वधूवरांची फिल्म चालू होती. मी मठ्ठ्याचा पेला उचलला आणि पडद्यावर गुलाबी गाउन आला. मागं नारिंगी सूर्य, झगमगतं पाणी, मी पूर्ण हिवाळाभर शोधत होतो ती चौकट, अगदी तीच. वर-वधू एकमेकांकडे पाहतायत, व्हायोलिन चढत चाललंय, आणि त्यांच्या दोघांच्या मधून, स्लो मोशनमध्ये, काहीतरी काळं, ओलं, चार पायांचं काठाकडे येतंय.

शेजारच्या खुर्चीतल्या आजी चष्मा सावरून पुढं वाकल्या. "अगबाई, खाडीत अजून म्हशी सोडतात का गं?"

"रेडा आहे तो," ही जिलबी मोडत म्हणाली. "आमच्याकडचाच."