मोनो जॅकवाल्या महाशयांस

रा. रा. अज्ञात सोल्डरवीर यांसी,


आपण कधीकाळी प्रीॲम्प बसवलेला जॅझ बेस हल्ली माझ्याकडे नांदतो आहे. विकणाऱ्याने ‘ॲक्टिव्ह केलाय, प्रोफेशनल काम आहे’ म्हणून चार पैसे जास्तच घेतले. आपली कीर्ती अशी बिलासकट पोहोचली.

ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारा, आहे यात वादच नाही. केबल काढा, बॅगेची चेन लावा, वादक गावाला जाऊ द्या, आतला प्रीॲम्प आपला जागाच! ही किमया प्लेट उघडल्यावर उलगडली. जुना मोनो जॅक आपण तसाच ठेवलात आणि बॅटरीची काळी तार थेट अर्थला चिकटवून मोकळे झालात. ‘बेस कुठे स्टिरिओ असतो?’ असा बाणेदार प्रश्न आपल्याला पडला असावा. महाराज, तो स्टिरिओ जॅक दोन कानांसाठी नसतो, तो स्विच असतो. काळी तार त्याच्या रिंगला लावायची. साधी मोनो पिन आत गेली की तिची लांब स्लीव्ह रिंग आणि अर्थ जोडते, सर्किट सुरू होतं. पिन काढली की बंद. वेगळं बटण लागत नाही, वेगळी अक्कलही फारशी नाही.

हिशेब बघा. नऊ व्होल्टच्या अल्कलाइन बॅटरीत साधारण ५०० मिलिॲम्पिअर-तास असतात. प्रीॲम्प एक मिलिॲम्पिअर खात असेल तर ५०० तास. वाजवण्यापुरते ते खर्चले तर कित्येक महिने निघतात. आपल्या योजनेत तीन आठवडे. आणि बॅटरी सांगून जात नाही. आधी आवाज फाटतो, मग ऐन अंतऱ्यात बेस मौन धरतो आणि गायक माझ्याकडे बघतो. लिओ फेंडर यांच्या १९५१ च्या प्रिसिजन बेसला बॅटरी लागतच नव्हती, तसा बॅटरीविना आवाज जाऊ देणारा निदान एक पॅसिव्ह बायपास ठेवायचा होतात. पण मागे फिरण्याची वाट ठेवणं वीरांना शोभत नाही.

ब्रिजला जाणारी अर्थची तारही आपण छाटलीत. ईएमजीच्या ॲक्टिव्ह पिकअपना ती तोडायला कंपनीच सांगते, हे खरं. माझे पिकअप मात्र पॅसिव्ह, साधे सिंगल कॉइल. सूचनापत्रक वाचलंत याचं कौतुक, ते दुसऱ्याच मालाचं होतं इतकंच. आता तारांना बोट लागलं की घूं थांबण्याऐवजी वाढते, आणि ट्रेबल उचलला की ती थेट शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचते.

बॅटरी बदलायला दर वेळी प्लेटचे स्क्रू काढावे लागतात. लाकडातली भोकं सैल झाली आहेत. हल्ली स्क्रू बोटानेच निघतात, ही तेवढी सोय झाली. नवा स्टिरिओ जॅक पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणला आहे. आपला जुना जॅक डबीत जपून ठेवलाय, पत्ता कळवावा, परत पाठवतो.

आपला,
बॅटरीवाल्याचं हक्काचं गिऱ्हाईक

ता. क. व्हॉल्यूमची तार पॉटच्या उलट्या टोकाला आहे. डावीकडे फिरवलं की आवाज वाढतो, तोही सगळा पहिल्या इंचभरातच. आपण डावखुरे असाल तर हा आरोप मागे.