रेंजवरचे नाना

नाना नेमबाज नाहीत. कोच नाहीत, पंच नाहीत, क्लबच्या सभासदांच्या यादीतही त्यांचं नाव सापडत नाही. तरी सकाळी रेंजचं शटर वर गेलं की आत पहिली शिरते ती नानांची सायकल. कॅरिअरला बिस्किटांचा पत्र्याचा डबा बांधलेला. त्यात स्प्रिंगा, पिना, डोकं गेलेले स्क्रू, ॲलन कीचा अर्धा संच, घड्याळजीचं भिंग आणि कापराची पुडी. इथून नाना देवळात जात असतील असं नवख्यांना वाटतं. नाना देवळात जात नाहीत.

असा एक गृहस्थ बहुधा प्रत्येक रेंजवर असतो. मोठ्या शहरांत त्याला ‘सर’ नाहीतर ‘अंकल’ म्हणतात आणि तो हळू बोलतो. कोल्हापुरात त्याला नाना म्हणतात, आणि हळू बोलायचा प्रश्न येत नाही.

नानांनी उभा जन्म उद्यमनगरात लेथवर काढला. ऑइल इंजिनांचे सुटे भाग करता करता केस पिकले. आजोबा संस्थानच्या शिकारखान्यात होते, असं ते सांगतात. कोल्हापुरात यावर कुणी शंका घेत नाही, कारण इथं प्रत्येकाचेच आजोबा शिकारखान्यात तरी होते नाहीतर तालमीत तरी. 2010 मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत विश्वविजेती झाली, 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये राही सरनोबतनं 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं, 2024 मध्ये स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं. तिघंही कोल्हापूरची, त्यामुळे गावाची छाती फुगलेली. नानांचीही फुगते, पण त्यांचा अभिमान अवजाराच्या वाटेनं येतो. स्वप्नीलच्या स्वागताला लोटलेल्या गर्दीत नाना शेजारच्याला विचारत होते, “रायफल आणली न्हाई व्हय संगं?”

चालू पिस्तुलाशी त्यांना कर्तव्य नाही. एखादी पोरगी ओळीनं दहा-दहा मारत असली तरी नाना तिच्या मागं उभे राहणार नाहीत. कुठल्या तरी लेनवर गोळी उडाली नाही की मात्र त्यांची मान वळते. मग पाच-सहा पोरांना जमवून व्याख्यान सुरू. “ही पॉइंट टू टू. हिचा ठिणगीचा मसाला बुडाच्या मधी नसतोय, काठात भरलेला असतोय. म्हणून पिन काठावर बसाय पाहिजे. मधी बसली तर ही ठो म्हणणार न्हाई.” पोरं मान डोलावतात. त्यांचा स्कोअर वाया गेलेला असतो, पण ज्ञान मिळालेलं असतं.

आता थोडं नेमबाजाविषयी सांगायला हवं, नाहीतर नाना कळणार नाहीत. नेमबाजाइतका दोष देणारा माणूस दुसऱ्या कुठल्या खेळात नसेल. क्रिकेटवाल्याला निदान पंच असतो. इथं माणूस एकटा उभा, एका हातात पिस्तूल, समोर कागद. आठ लागला की तो आधी दिव्याकडं बघतो, मग काडतुसांच्या खोक्यावरचा लॉट नंबर वाचतो, मग शेजाऱ्याच्या पिस्तुलातून उडालेल्या पुंगळीकडं रागानं बघतो, आणि शेवटी मागच्या साइटवर बोट ठेवतो. “साइट हलली वाटतं.” या खटल्याचा निकाल द्यायला नाना असतात. भिंग लावून ते साइट बघतात, मग भिंग न लावता माणसाकडं बघतात. बहुतेक वेळा साइट निर्दोष सुटते.

आमच्यात एक दातांचे डॉक्टर आहेत. त्यांचं जुनं जर्मन टार्गेट पिस्तूल त्यांनी सेकंडहँड घेतलेलं आणि जिवापाड जपलेलं. ते एका रविवारी टेबलावरून त्यांच्याच कोपराच्या धक्क्यानं खाली आलं, नेमकं मागच्या साइटवर. पानाचा एक कोपरा उडाला आणि डावं-उजवं करायचा स्क्रू वाकला. मागच्या साइटच्या पानाला मधोमध चौकोनी खाच असते. त्या खाचेत पुढच्या साइटचा काळा ठोकळा धरायचा, दोन्ही बाजूंना सारखा उजेड ठेवायचा, की झाला नेम. इथं खाचेची एक बाजूच गायब. नाना धावतच आले. इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी नातवाच्या बारशालाही पाहिला नव्हता.

“डॉक्टर, दात पडलाय वो.”

डॉक्टरांना हसू आलं नाही. “नुसता कोपराच तर गेलाय. चालेल ना?”

“चालंल? साइटपासनं साइटपत्तूर 220 मिलिमीटर. टार्गेट 25 मीटरवर. हितं एक दशांश मिलिमीटर सरकलं की तितं अकरा मिलिमीटर. दोन दशांश सरकलं की दहाच्या काठावर. दहाचं वर्तुळच सगळं पन्नास मिलिमीटरचं! आणि तुमी म्हणताय चालंल.” हिशेब खडूनं भिंतीवर करून दाखवण्यात आला. तो अजून तिथं आहे.

डॉक्टरांनी त्याच दिवशी विक्रेत्याला फोन केला. नवीन साइट जर्मनीहून येणार. आपल्या 1959 च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात, त्यामुळे बोटाच्या पेराएवढ्या लोखंडालाही कागदांची वरात लागते. “येईल,” एवढंच उत्तर मिळालं, आणि त्यात महिना कुठला ते नव्हतं. जिल्ह्याची स्पर्धा तर तोंडावर.

हाच कायदा नानांचाही पाठ आहे, विशेषतः कलम 5. शस्त्र दुरुस्त करायलाही परवाना लागतो हे त्यात लिहिलंय, आणि नानांकडं परवाना नाही. म्हणून त्यांनी एक पद्धत काढली आहे. पिस्तुलाला ते हात लावत नाहीत. हात पाठीमागं बांधून उभे राहतात आणि परवानाधारकाकडून सगळं करवून घेतात. “मी दुरुस्ती करत न्हाई. मी बगतो.” वकिलांना हा फरक कितपत पटेल कोण जाणे, पण आम्हाला पटला आहे.

पहिली आज्ञा झाली ती मॅगझिन काढून नळी रिकामी असल्याचं तिघांना दाखवण्याची. दुसरी, स्क्रू काढण्याआधी तो आत टेकेपर्यंत फिरवून किती क्लिक होतात ते लिहून ठेवायची. कागद म्हणून कुणाच्या तरी लग्नपत्रिकेची पाठ पुढं झाली. वाकलेला स्क्रू काही क्लिकांनंतर अडला, तर नानांनी तेवढेच लिहायला लावले आणि पुढं ‘अंदाजे’ असं लिहिण्यास मनाई केली. तिसरी आज्ञा, “आता हात आणि पिस्तूल, दोनी पिशवीत घाला.” पारदर्शक प्लॅस्टिकची मोठी पिशवी डब्यातून निघाली. डॉक्टर थबकले. दवाखान्यात हातमोजे घालणाऱ्या माणसाला हे काही वेगळं वाटायला नको होतं, पण नानांची पिशवी मिठाईच्या दुकानातली होती.

पिशवीचं मर्म लगेच कळलं. साइटच्या पोटात एक बारीकशी स्प्रिंग आणि तिच्यावर मोहरीएवढी पोलादी गोळी असते. क्लिकचा आवाज त्या गोळीचाच. पिन सरकली, टक् झालं, आणि गोळी पिशवीच्या कोपऱ्यात जाऊन पडली. बिनपिशवीचा प्रयोग याआधी केलेले दोन सभासद तिथंच उभे होते. त्यांच्या गोळ्या अजून रेंजच्या जमिनीवरच कुठंतरी आहेत. त्यांनी एकमेकांकडं बघितलं नाही.

“पेचकस आणा,” डॉक्टर म्हणाले, तर नानांनी त्यांच्या घरच्या पेचकसाकडं असं पाहिलं की त्यांनी तो खिशात घातला. टोकाकडं निमुळता पेचकस स्क्रूच्या खाचेत वरवरच बसतो आणि तिच्या कडा खातो, म्हणून नाना टोक सपाट घासून ठेवतात. डॉक्टरांनी मग दवाखान्यातून स्वतःची अवजारं मागवली. दांडीवरचा तो छोटा आरसा पाहून नाना विरघळले. “हे दाताला वापरता? वाया घालवताय.” आरसा परत गेला नाही.

नवं पान उद्यमनगरात एका जुन्या शिष्याच्या यंत्रावर तयार झालं. यंत्रावर असेपर्यंत तो पत्रा आहे, असं नानांचं कायदेशीर मत. खाचेची रुंदी त्यांनी व्हर्नियरनं इतक्या वेळा मोजली की शिष्य जेवायला निघून गेला. स्क्रू मात्र करावा लागला नाही, तो डब्यात निघाला. तो कुठल्या पिस्तुलाचा हे विचारल्यावर नाना म्हणाले, “पिस्तुलाचा कुठला, शिलाई मशिनीचा हाय.” डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. आटे मात्र अगदी बरोबर बसले.

मग कापूर. पान ताज्या घासलेल्या पोलादाचं, चकाकणारं. चकाकती कड डोळ्याला फसवते, ती काजळासारखी काळी हवी. काडतुसांपासून लांब, बाहेर झाडाखाली नानांनी वडी पेटवली आणि चिमट्यात धरून पान धुरावर फिरवलं. कापराचा वास रेंजभर पसरला. नव्या पोरांपैकी एकानं चपला काढल्या.

चाचणीला डॉक्टर उभे राहिले. पाच गोळ्या डावीकडं लागल्या, पण एकमेकींना खेटून. “गोळी जिकडं न्यायची तिकडंच मागची साइट न्यायची. उजवीकडं घ्या.” डॉक्टर क्लिक मोजत गेले. पुढच्या पाच मधोमध बसल्या. त्यापुढच्या पाचांतल्या दोन पुन्हा डाव्या कोपऱ्यात गेल्या, आणि डॉक्टर सवयीनं साइटकडं वळले.

नाना मान हलवत म्हणाले, “ती आता माजी हाय. ती हलणार न्हाई. घोडा दाबताना मनगट वळतंय तुमचं.”

डॉक्टर एवढे खचलेले मी कधी पाहिले नव्हते. पाच वर्षं ते ज्या साइटला बोल लावत होते ती गेली, आणि तिच्या जागी आली ती निर्दोष. जिल्ह्याच्या स्पर्धेत ते बरे खेळले, नेहमीपेक्षा चार गुण वरच. पण जेवणाच्या सुट्टीत इतर जण आपापली कारणं सांगत असताना डॉक्टरांकडं सांगायला काही नव्हतं. ते नुसतं पिठलं-भाकरी खात बसले.

पावसाळ्यानंतर जर्मनीची साइट आली. डॉक्टरांनी ती नानांच्या हातात ठेवली. नानांनी भिंगातून, दातांच्या आरशातून, उन्हाकडं धरून ती बराच वेळ पाहिली. फॅक्टरीचं काम, दोष कुठून निघणार? तरी निघाला. “कडंला बारकी लव हाय. ठेवा माज्याकडं चार दिवस. बगतो.”

डॉक्टर एवढ्या चटकन हो म्हणाले की नानाही चमकले. पुढच्या स्पर्धेत ते अकरा गुणांनी घसरले. “ओरिजिनल साइट नानांकडे आहे ना, काय करणार!” ते टेबलाटेबलाशी जाऊन सांगत होते, आणि बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवले.