टेम्पवाला

टेम्पवाला म्हणजे अहमदपुरात राहून पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळणारा पगारी माणूस. २०२० च्या टाळेबंदीत हा वर्ग एक लॅपटॉप आणि दोन जीन्स घेऊन घरी आला. त्यातले काही परत गेलेच नाहीत. टेम्पवाल्याच्या कामाला ऑटोमेशन म्हणतात. दोनशे सर्व्हरवर हाताने करायचे काम एकदा लिहून ठेवायचे आणि यंत्राकडून करून घ्यायचे, एवढाच त्याचा अर्थ. आई शेजारणींना "कम्प्युटरमध्ये हाय" असे सांगून मोकळी होते. वडिलांचे तेवढ्याने समाधान होत नाही. काम यंत्र करते, तर पोरगा रात्री दोन वाजता जागा का, हे त्यांना अजून कुणी सांगितलेले नाही.

नावाची व्युत्पत्ती सोपी आहे. लिनक्समध्ये तात्पुरत्या फायली ठेवायच्या जागेला बोलताना 'टेम्प' म्हणतात. रेंज गच्चीवरच येत असल्याने टेम्पवाला गच्चीच्या कठड्याला टेकून "अरे, टेम्पमध्ये सापडतच नाही!" असे ओरडतो. अहमदपूर नांदेड-लातूर रस्त्यावरचे गाव. तिथे या वाक्याचा एकच अर्थ निघतो. सकाळी शेजारचे मामा चौकशीला येतात : "टेम्पो सापडंना म्हणं तुमचा? हप्ते फिटलेत का त्याचे?"

त्याचे मुख्य अवजार बहुधा अ‍ॅन्सिबल असते. मायकेल डिहान यांनी ते २०१२ मध्ये आणले, २०१५ मध्ये रेड हॅटने विकत घेतले. हे नाव उर्सुला ले गुइन यांच्या १९६६ च्या कादंबरीतले आहे. त्यात अ‍ॅन्सिबल नावाच्या यंत्राने ताऱ्याताऱ्यांमध्ये क्षणात निरोप जातो. गच्चीवरून जवळच्या चाकूरपर्यंत फोन लागेल याची मात्र खात्री नाही.

हे अवजार चालते कसे, ते येळवशीच्या उदाहरणाने चटकन कळते. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतात कडब्याच्या पेंढ्यांचा कोप उभा करतात, आत पांडव मांडतात, पूजा होते, भज्जी-अंबील होते, आणि कोपाचे काम संपते. अ‍ॅन्सिबलही दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करून एक तात्पुरता फोल्डर उभा करते, त्यात छोटा प्रोग्राम नेऊन ठेवते, तो चालवते आणि फोल्डर मोडून परत येते. हे सगळे सेकंदा-दोन सेकंदांत. बिघाड होतो तो पूजेला गेल्यावर कोपच जागेवर नसला की. मग पडद्यावर लाल अक्षरात उमटते : नो सच फाइल ऑर डिरेक्टरी.

यानंतर टेम्पवाल्याच्या वागण्यात एक ठराविक क्रम दिसतो. आधी तो तीच आज्ञा पुन्हा देतो, जरा जोरात एंटर दाबून. मग नेटवर्कला दोष देतो, मग महावितरणला, मग आदल्या दिवशी नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याला. शेवटी 'सीएचमॉड ७७७' मारतो, म्हणजे वाड्याची सगळी दारे सताड उघडून चोराची वाट पाहतो. फाइल हरवलेलीच राहते.

खरी कारणे मोजकीच असतात. ज्या युजरच्या नावाने काम चालते त्याला घरच, म्हणजे होम फोल्डर, नसते. मग कोप बांधणार कुठे? कधी डिस्क भरलेली असते. कधी जागा शिल्लक दिसते, पण आयनोड, म्हणजे फायलींच्या नोंदीची घरे, संपलेले असतात. हमीभाव केंद्रावर गोदाम रिकामे आणि बारदाना संपलेला, अशी ही अवस्था. सोयाबीन घेऊन रांगेत उभे राहिलेल्या वडिलांना हे कारण लगेच समजते. मुलाला अर्धा दिवस लागतो. कधी दोन कामे एकाच नावाची फाइल वापरतात, आणि धाकट्याचे काम आधी उरकले की तो थोरल्याचाही कोप मोडून घरी जातो.

सर्वांत फसवे कारण प्रायव्हेट टेम्प. लिनक्सवरच्या सेवा सांभाळणारे सिस्टमडी काही सेवांना त्यांचा स्वतंत्र टेम्प देते. टेम्पवाल्याला फाइल डोळ्यांसमोर दिसते, सेवा म्हणते नाहीच. एकाच नावाची दोन गावे असावीत आणि पाव्हण्याने दुसऱ्याच गावच्या पारावर बसून "आलाव की, कुठाय तुम्ही?" म्हणून फोन करावा, तसा हा संवाद तासभर चालतो.

सर्वांत लाजिरवाणे कारण तो स्वतःच असतो. दोन आठवड्यांपूर्वी 'सध्यापुरती' म्हणून एक फाइल त्याने हातानेच टेम्पमध्ये टाकलेली असते आणि प्लेबुकला, म्हणजे लिहून ठेवलेल्या कामांच्या यादीला, तिची सवय झालेली असते. सिस्टमडीची साफसफाई रोज फिरते. बऱ्याच लिनक्सवर टेम्पमध्ये १० दिवस कुणी न शिवलेली फाइल ती काढते, 'व्हार टेम्प'मध्ये ३० दिवसांची सवलत असते. टेम्प रॅममध्ये असेल तर सर्व्हर रीस्टार्ट होताच सगळेच जाते. हे नियम पुस्तकात छापलेले आहेत, पण टेम्पवाल्याचे संस्कार आड येतात. त्याच्या घरात साबणाची खोकी, दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, कुठल्याशा मिक्सरचे झाकण "असू दे, लागतंय" म्हणून माळ्यावर आहेत. आडतीवरच्या कच्च्या पट्ट्या वडिलांनी तारेत ओवून ठेवल्या आहेत. दहा वर्षांपूर्वीची तूर कोणत्या भावाने गेली ते मिनिटात निघते. अशा घरात वाढलेल्याला दहा दिवसांत वस्तू फेकणारे यंत्र विकृत वाटते.

शोधाची योग्य पद्धत त्याला पहाटे आठवते. आज्ञेपुढे तीन 'व्ही' जोडले की अवजार कुठे गेले, कोणता फोल्डर मागितला, सगळे बोलू लागते. मागची फाइल पुसू नकोस असेही अवजाराला सांगता येते. मग सर्व्हरवर जाऊन, त्याच युजरच्या नावाने, एक रिकामी फाइल तयार होते का ते पाहायचे. होत नसेल तर 'डीएफ' ही आज्ञा द्यायची, आधी जागेसाठी, मग आयनोडसाठी. प्रोग्राम फाइल न करता थेट पाठवणारे पाइपलाइनिंग सुरू केले तर बऱ्याच कामांना तात्पुरती फाइल लागतच नाही. दुसऱ्या युजरच्या अधिकाराने आज्ञा चालवणाऱ्या सुडोची टर्मिनलची अट असेल तर तेवढी काढावी लागते.

दुरुस्ती बहुधा एका ओळीची असते : तात्पुरत्या फोल्डरचा पत्ता बदलणे. ती ओळ लिहून टेम्पवाला वर शेरा मारतो, "तात्पुरते. नंतर काढणे." तीन मॅनेजर बदलतात, कंपनीचे नाव बदलते, सर्व्हरही नवे येतात. शेरा आणि ओळ तिथेच असतात.