बशीतलं स्कँडल

रेडिंग, इंग्लंड

ती. अप्पा आणि आईस सा. न. वि. वि.

परवा फोनवर मागून आमची लेक चिऊ ‘स्कँडल, स्कँडल’ ओरडत होती आणि तुम्ही विचारलंत, घरात काय भानगड झाली? तेव्हा सांगायचा धीर झाला नाही, कारण स्पीकर चालू होता आणि शेजारी मावशी बसली होती.

झालं असं, की शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी चहाला बोलावलं. चहा चांगलाच कढत. मी सवयीने बशीत ओतला आणि फुर्रकन ओढला. चहाआधी आमची ही गार पडली. चिऊ बिचारी तिथे गप्प राहिली, घराच्या दारात पाय ठेवला आणि फुटली.

मग मी त्या शब्दाच्याच मागे लागलो. मूळ ग्रीक ‘स्कँडालॉन’, म्हणजे सापळ्यात आमिष लावायची काडी. वाड्यात उंदरांच्या पिंजऱ्यात तुम्ही ज्या आकड्याला भजं अडकवायचात ना, ते स्कँडल! बायबलच्या ग्रीकमध्ये त्याची ठेच लागायची जागा झाली आणि लॅटिन, फ्रेंच करत इंग्रजीत पोचेपर्यंत बेअब्रू. ‘स्लँडर’ हा त्याचा सख्खा भाऊ. उसळी मारणारा आपला ‘स्कंद’ही याच गोतावळ्यातला, असं पंडित मानतात. पर्वतीवरच्या कार्तिकस्वामींना कळवू नका.

अप्पा, भज्यावरून मला पुण्यातलं पंचहौद मिशनचं चहा-प्रकरण आठवलं. १८९० साली डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, गोपाळराव जोश्यांनी पुढाकार घेतला, मंडळी त्या ख्रिस्ती मिशनमध्ये गेली आणि समोर चहा-बिस्किटं आली. कोणी प्यायले, कोणी कपाला नुसता हात लावला. पुढे ‘पुणे वैभव’मध्ये नावं छापून आली, त्यात रानडे आणि टिळकसुद्धा! ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा तंटा, पार शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनीही पुढे घेतलं. भजं लावणारा राहिला बाजूला, बोभाटा उंदरांचा.

इथून काशी लांब, म्हणून चिऊने मला आठवडाभर मगातूनच चहा प्यायची शिक्षा दिली आहे. बशा वरच्या फळीवर गेल्या. आणि काल त्याच बाई आमच्याकडे आल्या, चहा घेतला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, ‘बशी नाही का?’

हे पत्र मावशीला वाचून दाखवू नका. ‘पुणे वैभव’ बंद पडलं, मावशी चालू आहे.

तुमचा,
बाळू