सांगानेरच्या घराची किल्ली परत करा

महोदय,

‘प्रिय’ लिहायला हात धजला नाही. सांगानेरच्या प्रतापनगरातल्या ज्या दोन खोल्यांत तुम्ही ठाण मांडून बसला आहात, त्या आमच्या आहेत. अकरा महिन्यांचा किरायानामा संपून दोन वर्षं झाली. पत्र कुणासाठी आहे, हे एवढ्यावरून तुम्हाला कळलंच असेल.

यांच्या नोकरीपायी आम्ही सोळा वर्षं जयपुरात काढली. त्या काळात पोटाला चिमटा काढून हे घर घेतलं. पुण्याला परतताना विकलं नाही, कारण यांना पेन्शन नाही आणि दरमहा येणारं भाडं हाच म्हातारपणाचा आधार होता. तुम्ही मात्र फोनवर मला सुनावलंत, ‘तुमची ती गुंतवणूक, आमचं तर ते घर आहे.’ त्या गुंतवणुकीतून आमची औषधं यायची. तुमच्या त्या घरासाठी तुम्ही गेल्या चौदा महिन्यांत एक रुपयाही दिलेला नाही.

आधी नळ गळत होता म्हणून भाडं थांबलं. नळ दुरुस्त करून दिला, तर मुलाची परीक्षा आली. परीक्षा झाली, तर फोन उचलणं बंद झालं. मग शेजारणीकडून कळलं, की प्रतापनगरच्या कोचिंग हबला शिकायला आलेल्या दोन मुलांना तुम्ही आमची एक खोली पोटभाड्यानं दिली आहे आणि त्यांच्याकडून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पैसे मोजून घेता. भाडं वेळेवर घ्यायचं असतं हे तुम्हाला नीट ठाऊक आहे, फक्त वेळेवर द्यायचं असतं हे ठाऊक नाही. इतकं करून वकिलाची नोटीस तुम्हीच आम्हाला पाठवलीत, की मालक छळ करतात. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

छळ म्हणजे काय असतो, ते मला माहीत आहे. ‘वीज-पाणी तोडा, चार माणसं पाठवा, कुलूप बदला,’ असे सल्ले मला भरपूर मिळाले. मी एकही ऐकला नाही. राजस्थानच्या भाडे नियंत्रण कायद्यानं मालकाला भाडेकरूच्या सोयी तोडायला मनाई केली आहे. विशिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 चं कलम 6 तर सांगतं, की कायद्याची वाट सोडून कुणाला घराबाहेर काढलं, तर तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो. समोर खुद्द मालक असला तरीही. गरिबाचं बिऱ्हाड एका रात्रीत रस्त्यावर फेकणारे मालक मी पाहिले आहेत, म्हणून हे संरक्षण मला मान्य आहे. पण ते निराधार माणसासाठी आहे. पोटभाडं गोळा करणाऱ्यानं त्याच्या आड लपावं, याची मला चीड येते.

बारा वर्षांनी घर आपोआप तुमचं होईल, असं तुम्ही गल्लीत सांगत फिरता. करार करून, आमच्या परवानगीनं तुम्ही आत आलात. असा ताबा नुसती वर्षं मोजत बसल्यानं मालकीत बदलत नाही. गोव्यातल्या एका भावाबहिणीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. बहिणीच्या घरात भाऊ राहत होता. 2012 साली, मारिया मार्गारिडा सिक्वेरा फर्नांडिस यांच्या त्या खटल्यात, न्यायालयानं स्पष्ट सांगितलं, की मालकाच्या परवानगीनं फुकट राहणाऱ्याला किंवा घराची राखण करणाऱ्याला कितीही दशकं राहिलं तरी त्या घरावर हक्क मिळत नाही. जिथे सख्ख्या भावाचं चाललं नाही, तिथे तुमचं कुठून चालणार?

तुमच्यासाठी असलेला कायदाही मी वाचला आहे. राजस्थान भाडे नियंत्रण कायदा, 2001 हा 1 एप्रिल 2003 पासून लागू आहे. चार महिन्यांचं भाडं थकवणं आणि मालकाला न विचारता पोटभाडेकरू ठेवणं, ही दोन्ही त्यात घर खाली करायला लावण्याची कारणं आहेत. तुम्ही दोन्ही पुरवलीत. प्रकरण भाडे न्यायाधिकरणापुढे चालतं आणि भाडेकरूला नोटीस बजावल्यापासून 240 दिवसांत निकाल लागावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. तारखा लांबतात, हे मी जाणते. पुण्याहून जयपूरला येऊन जाऊन आम्ही थकू, हाच तुमचा सगळा हिशेब आहे. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्ही ती चढलो आहोत आणि निकाल घेतल्याशिवाय उतरणार नाही.

तुमच्या घरापासून फार लांब नाही, सांगानेरातच 1963 पासून संपूर्णानंद खुलं बंदी शिबिर आहे. तिथे शिक्षा भोगणारे कैदी बायकामुलांसह राहतात, दिवसा शहरात कामाला जातात आणि संध्याकाळी हजेरीला परत येतात. त्यांना अडवायला उंच भिंती नाहीत. परत यायचा शब्द ते रोज पाळतात. तुम्हाला कुठल्याही न्यायालयानं शिक्षा केलेली नाही, तुमच्या अंगावर चांगले कपडे आहेत, दारात गाडी आहे, आणि अकरा महिन्यांचा एक साधा शब्द तुम्हाला पाळता आला नाही. सांगानेरात राहता, तर एकदा त्या माणसांना भेटून या.

हे पत्र वाचणाऱ्यांना एकच विनंती आहे. भाडेकरू ओळखीचा असो वा नात्यातला, करार लेखी करा, नोंदवा आणि मुदत संपताच नवा करा. महाराष्ट्रात तर 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नं ही नोंदणी सक्तीचीच केली आहे. आम्ही पहिला करार संपल्यावर ‘माणूस भला दिसतो’ म्हणून गप्प राहिलो. ते चुकलं.

आणि महोदय, त्या दोन मुलांना त्यांची अनामत परत करा, आमची थकबाकी भरा आणि किल्ली शेजारी नेऊन द्या. ते घर तुमचं नाही.

– प्रतापनगरच्या घराची मालकीण