फॉन्ट घेतले का, वहिनी?

केळीला पाणी सोडत होते, तेवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली.

"काकू, तुमच्याकडे ती बाहेरून लावायची हार्ड डिस्क आहे ना? उद्या दुकानातला मुलगा येतोय, कॉम्प्युटर फॉरमॅट मारून विंडोज ११ टाकायला."

"का हो, बंद पडला?"

"बंद कसला! पण विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले ना. नाव नोंदवलं असतं तर सुरक्षेचे तेवढे आणखी वर्षभर मिळाले असते. आमच्या ह्यांनी उद्या करतो, परवा करतो करत ठेवलं."

"आणि ११ चालेल त्या डब्यावर?"

"आधी म्हणाला, टीपीएम २.० नाही. मी म्हटलं, झालं, आता नवीन घ्या! मुलाने बायॉसमध्ये पाहिलं तर चिप आतच, नुसती बंद ठेवलेली."

"तिथेच जपा. त्या वळणावरच्या मास्तरांचं ऐकलंत ना? चिपच्या सेटिंगला हात लावला, तर लॅपटॉप ४८ आकडी चावी मागत बसला."

"४८? आमच्या गोदरेजच्या कपाटाला दोन चाव्या, त्याही सापडत नाहीत!"

"चावी मायक्रोसॉफ्टच्या खात्यात होती हो. खात्याचा पासवर्ड मास्तरांना आठवेना. सून माहेरून आली, तिने सांगितला."

इतकी बातमी ऐकून वहिनी पार खूश झाल्या. मग मी विचारलं, "फॉन्ट घेतले का?"

"फोटो? घेतले की सगळे."

"फोटो नव्हे, फॉन्ट. दादा भजनी मंडळाचा हिशेब श्री-लिपीत टाइप करतात ना, त्याचे."

वहिनी गप्प. आमच्याकडे मागे हेच झालं होतं. फायली सगळ्या सुखरूप, पण उघडल्या तर मराठीचा मागमूस नाही, इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. या जुन्या फॉन्टांची खोड अशी की फाईलमध्ये 'क' नसतोच. कुठल्यातरी इंग्रजी अक्षराचा नाहीतर चिन्हाचा नंबर असतो, त्यावर मराठी अक्षराचा सदरा फॉन्ट चढवतो. फॉन्ट गेला की सदरा उतरला. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथे 'क' चा नंबर 'क' चाच, म्हणून मंगलमध्ये टाइप केलेलं कोकिळामध्येही वाचता येतं. खरं तर दादांनी सगळा हिशेब एकदा युनिकोडमध्ये करून टाकावा. पण दादांना सांगणार कोण?

"सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात फॉन्ट्स नावाचं फोल्डर. त्यातले मराठी तेवढे आधी कॉपी करा. श्री-लिपीची सीडी आणि डोंगलही शोधून ठेवा. फॉरमॅट मारला की सीवरचं सगळं साफ."

"डोंगल? ते काळं बोंडूक? ते मी भंगारात..."

"वहिनी!"

"नाही नाही, खिळ्यांच्या डब्यात असेल. बघते."

"आणि उद्या ते चालू असताना बावखलावरचा पंप लावू नका. मागे तुमचा पंप लागला नि आमची लाइन गेली होती."

हार्ड डिस्क कुंपणावरून दिली. येताना सुकेळीचं पाकीट आलं. मुलाला आता रविवारी बोलावलंय, डोंगल अजून सापडलेलं नाही.